सामाईकातली नावं

ब्राउझरमध्ये एफ-बारा दाबून कन्सोल उघडा, त्यात नुसतं ‘धिस’ लिहा आणि एंटर मारा. उत्तरादाखल ‘विंडो’ असं नाव येतं आणि त्याच्या डावीकडे एक छोटासा बाण. बाणावर टिचकी मारली की नावांची रांग उलगडायला लागते, आणि कितीही खाली सरकवत गेलं तरी लवकर संपत नाही. अलर्ट, डॉक्युमेंट, फेच, हिस्टरी, लोकेशन, नेम, स्टेटस, टॉप, विंडो. हो, विंडोच्या आत पुन्हा विंडो. तो उघडला की आत तीच रांग आणि त्या रांगेत पुन्हा विंडो. वेबपानांना हलतं करणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचा हा ग्लोबल ऑब्जेक्ट, म्हणजे सगळ्या कोडची नावं जिथे लागतात ती सामाईक जागा. (कोडमधले शब्द आपण तोंडाने उच्चारतो तसेच इथे लिहितोय. वाचताना जरा कान उघडे ठेवा, म्हणजे झालं.)

जावास्क्रिप्ट शिकवणारे बहुतेक जण या वस्तूला दोन वाक्यांत उरकतात. ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या कोडला दिसणारं, मूल्य साठवायचं नाव, वाईट, वापरू नका, चला पुढे. मला हा उपदेश कधीच पुरला नाही, कारण तिथे न जाणारा माणूस अजून जन्मायचा आहे. ‘सेट-टाइमआउट’ लिहिलं की ते विंडोवरचं. ‘मॅथ’, ‘डेट’, ‘जेसन’ ही सगळी तिथलीच. ‘अनडिफाइन्ड’ हा तर भाषेचा राखीव शब्द असावा असं वाटतं, पण नाही, तीही ग्लोबल ऑब्जेक्टवरची एक प्रॉपर्टी, म्हणजे तिथे लागलेली एक नोंद. २००९ च्या आधी कुणी ‘अनडिफाइन्ड बरोबर ५’ असं लिहिलं, तर भाषा ते निमूटपणे ऐकायची आणि पुढची सगळी गणितं कोलमडायची. त्या वर्षी आलेल्या, भाषेच्या नियमांच्या म्हणजे इक्माच्या पाचव्या आवृत्तीने ती नोंद बदलता न येणारी केली. तेव्हा जिथे सगळ्यांचा रोजचा वावर आहे, तिथे जाऊ नका असं सांगून काय होणार? तिथली वहिवाट काय, ते सांगायला हवं.

वहिवाट हा शब्द सहज आला, कारण आमच्याकडे त्याशिवाय पान हलत नाही. दापोली तालुक्यात आंजर्ल्याला आमचं घर. पुढे खळं, मागे आगर, आगराच्या टोकाला सुरू आणि पलीकडे पुळण. आगर दिसायला एक, पण सातबाऱ्यावर पणजोबांच्या वारसांची नावं एकाखाली एक लागलेली आहेत. गणपतीला चाकरमानी आले की आरत्या होतात, मोदक होतात आणि मग पडवीत विषय निघतोच. सामाईकात नाव लावणं सोपं. माणूस गेला की तलाठ्याकडे वारसनोंद, फेरफार, की चार नावं वाढली. कमी करायचं म्हटलं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि सह्या करणाऱ्यांपैकी एक बडोद्याला, एक फोन न उचलणारा, आणि एक असा की जो उचलतो पण ‘बघू’ म्हणतो. ग्लोबल ऑब्जेक्ट मला समजला तो या सातबाऱ्यावरून.

पानावरच्या साध्या स्क्रिप्टमध्ये, कुठल्याही फंक्शनच्या (हवा तेव्हा बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) बाहेर, तुम्ही ‘व्हार’ हा नवं नाव जाहीर करायचा शब्द वापरून ‘व्हार दर बरोबर ८००’ असं लिहिलंत, की तुमचं ‘दर’ थेट विंडोवर लागलं. आता ‘विंडो.दर’ म्हटलं तरी ८००. (हे नाव देवनागरीत द्यायला भाषेची काही हरकत नसते, हे पुष्कळांना माहीत नसतं. ‘दर’, ‘पेटी’, ‘खोली_१’, सगळं चालतं. काम करणारे मात्र रोमनमध्येच लिहितात, मीसुद्धा.) आणि हे एकदा लागलेलं नाव ‘डिलीट’ म्हणून निघत नाही, व्हारने केलेली नोंद मुळातच न पुसता येणारी होते. गंमत अशी की व्हारसुद्धा न लिहिता नुसतंच ‘दर बरोबर ८००’ लिहिलं, फंक्शनच्या अगदी आत, चार कंसांच्या खाली लिहिलं, तरी ते विंडोवरच जाऊन बसतं, आणि ते मात्र डिलीट होतं. म्हणजे रीतसर अर्ज करून लागलेलं नाव निघत नाही, आणि गुपचूप घुसलेलं निघतं. सातबाऱ्यावर असं झालं असतं तर निम्मं कोकण कोर्टात असतं. निम्मं आत्ताही आहे म्हणा.

हे सगळं नव्याने डोक्यात आलं ते माझ्या पुतणीमुळे. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम इथून करतो. ती दापोलीला कॉलेजला जाते आणि तिच्या आईने घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्यात. कड्यावरच्या गणपतीला येणारे लोक, हर्णैचा मासळीचा लिलाव बघायला येणारे लोक, यांना राहायला जागा हवी असते. मे महिन्यात वर आंबापेट्या. तिने स्वतःच एक पान बनवलं, खोली मोकळी आहे का ते दाखवणारं. कुठलीही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, नाही, सरळ एचटीएमएल आणि खाली एक स्क्रिप्ट. मला ते पान फार आवडलं. आणि एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन पडवीत आली.

“काका, मी फॉल्स लिहिलंय ना? मग हे ट्रूसारखं का वागतं?”

तिने वरच लिहिलं होतं, ‘व्हार स्टेटस बरोबर फॉल्स’. खाली ‘इफ स्टेटस’, तर ‘खोली भरली’ असं दाखव. खोली मोकळी असो नसो, पान म्हणायचं भरली. तिने कंस तपासले, फोनवर बघितलं, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघितलं.

झालं होतं असं, की ‘स्टेटस’ हे नाव विंडोवर तिच्या जन्माच्या आधीपासून लागलेलं आहे. जुन्या ब्राउझरच्या तळाशी एक पट्टी असायची, तिच्यात काय मजकूर दिसावा ते ‘विंडो.स्टेटस’ने ठरायचं. लोकांनी तिच्यावर सरकत्या जाहिराती चालवल्या, मग खोट्या लिंका लपवायला तिचा वापर सुरू झाला, तेव्हा ब्राउझरवाल्यांनी मजकूर दाखवणं बंद केलं. पट्टी गेली. प्रॉपर्टी राहिली. आणि तिचा स्वभावही राहिला: तिच्यात जे घालाल त्याची ती अक्षरं करते. व्हारला दिसतं की या नावाची नोंद आहेच, म्हणून तो नवी करत नाही. नुसतं मूल्य जुन्या नोंदीत टाकतो. टाकलं फॉल्स, साठला ‘फॉल्स’ हा इंग्रजी पाच अक्षरांचा शब्द. आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकामी नसलेली कुठलीही अक्षरमाला ‘इफ’ला खरीच वाटते.

“म्हणजे मी नाव ठेवलंच नाही? दुसऱ्याच्या नावात भरलं?”

बरोब्बर.

मग मी तिला ‘नेम’ची मजा दाखवली, कारण ‘नेम’ हे स्टेटसचं सख्खं भावंड. खिडकीला नाव द्यायची सोय, म्हणजे अमुक लिंक तमुक नावाच्या खिडकीत उघड असं सांगता यावं म्हणून. तिच्याही पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट अक्षरं होऊन बाहेर येते. ‘व्हार नेम’ लिहून त्यात दोन आंब्यांची यादी टाकली, हापूस आणि पायरी. यादीची लांबी किती? आपण म्हणू २. ब्राउझर म्हणतो ११. कारण यादी राहिलीच नाही, ‘हापूस,पायरी’ अशी सलग अक्षरं झाली: पाच, एक स्वल्पविराम, पुन्हा पाच. पहिला आंबा कोणता विचारलं तर उत्तर ‘ह’. दुसरा? नुसता काना, ज्याला टेकायला अक्षर नाही म्हणून ब्राउझर त्याच्या डावीकडे ठिपक्यांचं एक वर्तुळ काढून दाखवतो. ती एवढी हसली की आतून वहिनी बघायला आल्या.

‘टॉप’ची तऱ्हा आणखी निराळी. एका पानात दुसरं पान बसवायचे फ्रेम नावाचे चौकोन असतात. आत बसलेल्या पानाला सगळ्यात वरची खिडकी कोणती ते कळावं म्हणून ‘टॉप’. ते कुणाला बदलू देणं धोक्याचं, म्हणून त्याला पक्कं कुलूप आहे. पण कुलूप आहे हे सांगायची पद्धत बघा. ‘व्हार टॉप बरोबर १०’ लिहा: काही तक्रार नाही, काही लाल अक्षरं नाहीत, आणि टॉपमध्ये १० पण नाहीत. लिहिलेलं हवेत विरतं. घोटाळा झाला तर बोलून दाखवावं एवढी साधी अपेक्षा ही भाषा कितीतरी वर्षं पुरी करत नव्हती, आणि माझा तिच्यावरचा खरा राग हा आहे. नावं एका जागी असणं मी समजू शकतो. गप्प बसणं नाही. स्ट्रिक्ट मोड, जो २००९ च्याच आवृत्तीत आला, तो लावला की इथे टाइप-एरर मिळतो, न सांगता केलेली नोंद रेफरन्स-एरर देते, आणि साध्या फंक्शनमधला ‘धिस’ विंडो न होता अनडिफाइन्ड होतो. पण तो लावायचा तर फाइलच्या डोक्यावर तशी ओळ लिहायला हवी, आणि ज्याला तिची सगळ्यात जास्त गरज असते त्याला ती ओळ ठाऊकच नसते.

आता विचारायला हवं की हे असं केलंच का कुणी. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. ही दहा दिवसांची गोष्ट सगळे टाळी घेण्यासाठी सांगतात. मला तिच्यापेक्षा त्या वेळची पानं महत्त्वाची वाटतात. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही मोजक्या महानगरांत. आमच्याकडे तेव्हा मुंबईला फोन करायचा तर एसटीडी बूथ, आणि मुंबईला जायचं तर एसटी. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू व्हायलाच १९९८ चा जानेवारी उजाडला. त्या काळच्या पानावर एक फॉर्म, एक बटण, आणि बटण दाबल्यावर चालणाऱ्या चार ओळी. लिहिणारा एकटा. या स्क्रिप्टमधलं फंक्शन त्या बटणाला सापडावं, एवढीच गरज. ती भागवायला सगळ्यात सोपी जागा कुठली, तर खिडकीच. सगळं तिथे ठेवा, कुणालाही सापडेल. एकाच घरात एकच चूल असते तेव्हा वाटण्या कोण करतो?

घर वाढलं तेव्हा पंचाईत झाली. दोन हजारच्या दशकात लायब्रऱ्या आल्या आणि प्रत्येकीला छोटं, हाताशी येणारं नाव हवं होतं. डॉलरचं चिन्ह सगळ्यात छोटं. प्रोटोटाइप नावाच्या लायब्ररीने ते घेतलं, २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीनेही घेतलं. एका पानावर दोघी आल्या तर नंतर लोड होणारी जिंकणार आणि आधीचीचं सगळं बंद पडणार. जेक्वेरीने यावर जे केलं ते मला अजूनही सभ्यपणाचं वाटतं: तिने ‘नो-कॉन्फ्लिक्ट’ नावाची एक सोय ठेवली. ती हाक मारली की डॉलर ज्याचा होता त्याला परत, आणि जेक्वेरी आपल्या पुऱ्या नावाने राहणार. येताना आधी कोण होतं ते तिने लिहून ठेवलेलं असतं. बाकीच्यांनी दुसरा मार्ग धरला. सगळा कोड एका फंक्शनमध्ये गुंडाळायचा, ते जागच्या जागी चालवायचं, आणि बाहेर एकच नाव ठेवायचं. याहूची लायब्ररी तर ‘याहू’ हे एकच मोठ्या अक्षरांतलं नाव लावायची आणि बाकी सगळं त्याच्या पोटात.

२०१५ मध्ये ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ हे नाव जाहीर करायचे दोन नवे शब्द आले तेव्हा भाषेच्या समितीने एक गोष्ट शांतपणे केली, जी फार जणांच्या लक्षात येत नाही. या दोघांनी सर्वांत बाहेर ठेवलेलं नाव सगळ्या स्क्रिप्टना दिसतं, पण विंडोवर लागत नाही. ‘लेट भाडं’ लिहून ‘विंडो.भाडं’ विचाराल तर अनडिफाइन्ड. म्हणजे ग्लोबल जागेला आता दोन वह्या आहेत: एक जुनी, जी म्हणजे हा ऑब्जेक्टच, आणि एक नवी, जिच्यात लेट, कॉन्स्ट आणि क्लास यांची नावं जातात आणि जी कुठल्याही ऑब्जेक्टसारखी हातात घेता येत नाही. नाव शोधताना आधी नवी वही चाळली जाते, मग जुनी. म्हणून पुतणीने ‘लेट नेम’ लिहिलं असतं तर तिची यादी यादीच राहिली असती. विंडोचा ‘नेम’ मागे झाकला गेला असता, इतकंच. आणि ‘लेट टॉप’ लिहिलं असतं तर ब्राउझरने लाल अक्षरांत सांगितलं असतं की हे नाव घेता येणार नाही. दोन वेगळ्या स्क्रिप्टनी एकच ‘कॉन्स्ट’ ठेवला, तर दुसरी स्क्रिप्ट एक ओळही चालत नाही. कठोर आहे, पण निदान बोलते. दोन वह्यांची ही रचना देखणी नाही. जुनी वही फाडता येत नसेल तर मात्र याहून बरं काय करणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

फाडता का येत नाही, हा प्रश्न पुतणीने विचारलाच. “कुणी वापरत नाही तर स्टेटस काढून का नाही टाकत?” कुणी वापरत नाही हे ठरवणार कोण? कुठल्यातरी नगरपालिकेच्या, कुठल्यातरी जुन्या शाळेच्या पानावर तो वापर असेल, आणि ते पान बनवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असेल. वेबवरचं जुनं पान मोडायचं नाही, ही समितीची आणि ब्राउझरवाल्यांची जवळजवळ धर्माज्ञा आहे. सह्या गोळा करायच्या तर त्या सगळ्या अनोळखी माणसांच्या.

याची सगळ्यात मोठी शिक्षा ग्लोबल ऑब्जेक्टच्या स्वतःच्या नावाला झाली. ही वस्तू ब्राउझरच्या पानात ‘विंडो’ म्हणून ओळखली जाते. मागे गुपचूप काम करणारे वर्कर असतात, तिथे खिडकीच नाही, म्हणून तिथे ‘सेल्फ’. सर्व्हरवर चालणाऱ्या नोडमध्ये ‘ग्लोबल’. मग सगळीकडे चालणारा कोड लिहिणाऱ्याने काय करायचं? तीनही नावं एकेक करून तपासायची, किंवा एक आडवळणाची युक्ती: ‘रिटर्न धिस’ एवढाच मजकूर देऊन चालत्या कोडमध्ये नवं फंक्शन तयार करायचं आणि लगेच बोलवायचं. असं फंक्शन स्ट्रिक्ट नसतं, म्हणून त्याचा ‘धिस’ ग्लोबल ऑब्जेक्टच असतो. पण सुरक्षेसाठी ज्या साइटींनी मजकुरातून कोड बनवायला बंदी केलेली असते, तिथे हीही वाट बंद.

सरळ उपाय म्हणजे सगळीकडे एकच नाव. समितीने आधी ‘ग्लोबल’ हेच धरलं होतं. छोटं, नोडवाल्यांच्या ओळखीचं. ते ब्राउझरमध्ये आणल्यावर लक्षात आलं, की पुष्कळ जुना कोड ‘ग्लोबल’ दिसतंय ना, म्हणजे आपण नोडमध्ये आहोत, अशी खूणगाठ बांधून बसलाय. नाव ब्राउझरमध्ये दिसायला लागलं आणि तो कोड सर्व्हरवर असल्यासारखा वागू लागला. म्हणून मग ‘ग्लोबलधिस’. उच्चारायला जड, दिसायला बोजड. लोकांनी नाकं मुरडली. मला ते नाव चांगलं वाटतं. कुणाच्या डोक्यात आधी आलेलं नव्हतं, हाच त्याचा मोठा गुण.

ते अधिकृत झालं २०२० च्या जूनमध्ये, त्या वर्षीच्या आवृत्तीत. क्रोमने ७१ व्या, फायरफॉक्सने ६५ व्या आणि सफारीने १२.१ व्या आवृत्तीत आधीच घेतलं होतं. तो जून इकडे कुणी विसरणार नाही. ३ तारखेला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धनपासून खाली केळशी, आंजर्लं, हर्णै, मुरूडपर्यंतची आगरं त्याने झोपवली. सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडल्या. माड, फणस, कलमं, जे उभं होतं ते आडवं. वीज गेली ती आठवडेच्या आठवडे आली नाही. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा प्रश्न तोच: आगर कुणाच्या नावावर? सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांची संमती आणा. झाड लावणारा इथे, नाव बोरिवलीला. समितीने कुठलं नाव मंजूर केलं हे मला त्या पावसाळ्यात कळण्याची शक्यताच नव्हती. पुष्कळ नंतर वाचलं आणि तारीख बघून थबकलो. (आणि एक खोड: ‘ग्लोबलधिस’ हे स्वतः एक साधं, बदलता येणारं नाव आहे. ‘ग्लोबलधिस बरोबर ५’ लिहा, भाषा मान डोलावेल. अनडिफाइन्डला कुलूप लावणाऱ्यांनी इथे नाही लावलं.)

फ्रेमबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ग्लोबल ऑब्जेक्ट एकच असतो असा समज असतो. पानात बसवलेल्या प्रत्येक फ्रेमला तिचा स्वतंत्र ग्लोबल ऑब्जेक्ट, आणि त्यावर तिचा स्वतःचा ‘अ‍ॅरे’ (याद्या बनवणारा), स्वतःचा ‘डेट’. फ्रेममधून आलेल्या यादीला ‘तू अ‍ॅरेची आहेस का’ असं ‘इन्स्टन्स-ऑफ’ने विचारलं तर उत्तर नाही येतं, कारण ती दुसऱ्या अ‍ॅरेची. याच्यासाठीच ‘अ‍ॅरे.इज-अ‍ॅरे’ आलं. इतकं पुरे.

पुतणीचं पान मात्र तेवढ्यावर थांबलं नाही. स्टेटस बदलून तिने वेगळं नाव ठेवलं, पान नीट चाललं, आणि मग तिनेच एक विचित्र गोष्ट शोधली. एका ठिकाणी ती ‘पेटी’ नावाचं व्हेरिएबल वापरत होती, पण जाहीर कुठेच केलं नव्हतं. तरी चालत होतं. का? पानावर एका चौकोनाला तिने ‘पेटी’ ही आयडी दिली होती, आणि ब्राउझर प्रत्येक आयडीच्या नावाने तो चौकोन विंडोवरून सापडेल अशी सोय करून ठेवतो. ही जुनी सोय इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातली. मुद्दाम कुणी वापरावी अशी नाही, पण चुकून कितीजण तिच्यावर उभे असतील कोण जाणे. तिला हे स्टेटसपेक्षा भयंकर वाटलं. स्टेटस निदान बिघडला म्हणून कळला. हे बिघडलंच नव्हतं.

“मग मी सगळंच बाहेर काढते याच्यातून,” म्हणाली, आणि स्क्रिप्टला ‘टाइप मॉड्यूल’ लावलं. मॉड्यूल म्हणजे आपली नावं आपल्यापुरती ठेवणारी फाइल. तिचं सगळं वेगळं: स्ट्रिक्ट मोड आपोआप, वरचा ‘धिस’ अनडिफाइन्ड, आणि व्हारसुद्धा फाइलच्या बाहेर जात नाही. ही सोय भाषेत २०१५ ला लिहिली गेली, पण ब्राउझरांत यायला २०१७ उजाडलं. तिने फाइल नेहमीसारखी डबल-क्लिक करून उघडली, तर काहीच चालेना. मॉड्यूल अशा नुसत्या फाइलवरून लोड होत नाहीत, छोटा का होईना सर्व्हर लागतो. तो लावला. मग बटणं मेली. एचटीएमएलमध्येच ‘ऑनक्लिक बरोबर बुक-करा’ असं लिहिलं होतं, आणि ते फंक्शन आता विंडोवर नव्हतं. त्या चार ओळींच्या पानासाठी १९९५ मध्ये केलेली सोय नेमकी हीच होती.

बटणं तिने दुरुस्त केली. प्रत्येकाला स्क्रिप्टमधूनच ‘अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर’ लावला. अडला फक्त नकाशा. बाहेरून येणारी नकाशाची स्क्रिप्ट तयार झाली की तुम्ही सांगितलेल्या नावाचं फंक्शन बोलावते, आणि ते नाव ती ग्लोबल ऑब्जेक्टवरच शोधते. मॉड्यूलच्या आत बसलेलं फंक्शन तिला दिसणार नाही. तेव्हा पुतणीने एकच ओळ लिहिली, ‘ग्लोबलधिस’ टिंब आणि पुढे गावाचं नाव जोडून केलेलं एक लांबलचक नाव, जे दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणं कठीण. त्या ओळीच्या वर टिप्पणी लिहिली: हे नाव कशासाठी लावलंय, नकाशा काढला तर हेही काढा.

मी म्हटलं, आता मॉड्यूलच्या आत आहेस, तुला हवं तर ‘स्टेटस’ हे नाव परत ठेवू शकतेस, काही होणार नाही.

“नको. आमच्या वर्गातल्या एकीला हा कोड हवाय, आणि ती साध्या स्क्रिप्टमध्येच चिकटवणार.”